स्काउट पथक खरंच सगळ्यांसाठी कसं करायचं? लीडर आणि पालकांसाठी

"स्काउट सगळ्यांचा मित्र असतो आणि बाकी प्रत्येक स्काउटचा भाऊ असतो" हा नियम पोरं पहिल्या महिन्यातच पाठ करतात, आणि पाठ झाला की आपण लीडर लोक टिक मारून पुढे जातो. भेदभाव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दारात उभं राहून "तू येऊ नको" म्हणणारा माणूस येतो, आणि तसं आता फारसं कुणी म्हणत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की आपल्याकडे सगळं छान चाललंय. पण पोरं गळतात ती फी किती, संघ कसे पाडले, तंबूत कोण कुणाशेजारी झोपलं, भांडी कुणी घासली असल्या बारीक गोष्टींवरून. त्यामुळे खालच्या पायऱ्या सगळ्या त्या बारीक गोष्टींच्याच आहेत.

१. आधी कोण येत नाही ते बघा

हजेरीचं रजिस्टर काढा आणि गेल्या वर्षभरात दोन-चार मीटिंगला येऊन नंतर न आलेल्यांची नावं वेगळी लिहा. मग आजूबाजूच्या वस्तीत, शाळेत कोणकोणती पोरं आहेत आणि त्यातली कुठली आपल्याकडे दिसतच नाहीत ते बघा, म्हणजे कुठली भाषा बोलणारी, कुठल्या धर्माची, जातीची, मुली, अपंग मुलं. गळलेल्यांच्या घरी फोन करा, पण "का सोडलं" असं विचारू नका, त्याचं उत्तर "अभ्यास वाढला" असंच येतं. "काय अवघड जात होतं" असं विचारा, लोक बोलतात.

२. नियम एका पानात लिहा

जात, धर्म, रंग, भाषा, लिंग, लैंगिक ओळख, अपंगत्व, घरची परिस्थिती यावरून कुणालाही नाकारायचं नाही, चिडवायचं नाही, आणि तसं झालं तर कुणाकडे सांगायचं, एवढं पुरे. सांगायला दोन माणसं ठेवा, कारण तक्रार एका लीडरबद्दलच असली तर पोरगं जाणार कुठे? आपल्या वरच्या संस्थेचं धोरण काय आहे तेही वाचून घ्या.

"आमच्यात पहिल्यापासून असंच आहे" म्हणणारा कुणीतरी भेटतोच, त्याला थोडा इतिहास सांगा. 1907 मध्ये स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं त्यात साधारण 20 मुलं होती आणि महागड्या शाळांतली मुलं आणि कामगार घरातली मुलं मुद्दाम एकत्र आणलेली होती. 1909 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात मुली न बोलावताच स्काउट म्हणून हजर झाल्या आणि पुढच्याच वर्षी मुलींसाठी गाइड्स सुरू झालं. पण याच चळवळीने लोकांना बाहेरही ठेवलंय. भारतात सुरुवातीला देशी मुलांना प्रवेश नव्हता, शेवटी 1917 ला अ‍ॅनी बेझंट यांनी त्यांच्यासाठी वेगळी संघटना काढली. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सनी समलिंगी मुलांवरची बंदी उठवायचं 2013 मध्ये ठरवलं, मोठ्या लीडरवरची 2015 मध्ये उठवली, आणि लहान वयाच्या गटात मुलींना घ्यायला 2018 उजाडलं. म्हणजे "पहिल्यापासून" असं काही नसतंच, दर वेळी कुणीतरी बसून ठरवलंय.

३. पैसे आणि युनिफॉर्म

युनिफॉर्म आणला त्यामागे एक हेतू हाच होता की श्रीमंत-गरीब फरक दिसू नये, आणि आज बऱ्याच ठिकाणी तोच युनिफॉर्म प्रवेशाची फी होऊन बसलाय! सुरुवातीचे काही महिने फक्त स्कार्फ चालेल असं जाहीर करा. लहान झालेले युनिफॉर्म परत घेऊन एका पेटीत ठेवा आणि ती पेटी सगळ्यांसाठी उघडी ठेवा, "गरजूंसाठी" अशी पाटी लावलीत तर कुणी हात लावणार नाही. फीमध्ये सवलत हवी असेल तर ते फॉर्मवर एका खुणेत सांगता यावं, पुरावे मागू नका, आणि कुणी पैसे भरले नाहीत हे मैदानात किंवा ग्रुपवर कधीच बोलायचं नाही.

४. संघ पाडणं

खरा खेळ इथे आहे, कारण पोरगं पथकात कमी आणि आपल्या सहा-आठ जणांच्या संघात जास्त राहतं. "आपापले मित्र घेऊन संघ करा" म्हटलं की पाच मिनिटांत एका वस्तीची एका बाजूला, एका शाळेची दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी दोन-तीन पोरं मधे उभी राहतात ज्यांना कुणी घेतलेलं नसतं आणि सगळे बघत असतात. हे एकदा झालं की पुढे कितीही खेळ घ्या, ते जात नाही. म्हणून संघ लीडरनी पाडायचे, पण सगळे तोडून-मोडून पण नको, प्रत्येकाला एका चिठ्ठीवर दोन नावं लिहू द्या आणि त्यातलं एक तरी त्याच्या संघात येईल असं बघा. आणि उलट चूकही करू नका, म्हणजे वेगळ्या भाषेची चार पोरं असली तर "मिसळू देत" म्हणून चार संघात एकेक फेकायची. एकटं पडलेलं पोर गप्प बसतं, दोघं असली तर बोलतात.

संघनायक कोण होतो तेही बघा. दर वेळी उंच, दणकट, मोठ्या आवाजाचाच होत असेल तर वर्षातून दोनदा बदला आणि नवा झालेल्याला आधी शिकवा, नुसतं पद देऊन तोंडघशी पाडू नका. कामांची पाळी लिहून लावा. स्वयंपाक मुलींकडे आणि तंबू ठोकणं मुलांकडे हे कुणी न सांगता आपोआप होतं, आणि झाडू नेहमी त्याच एका पोराच्या हातात का दिसतो हे तर विचारलंच पाहिजे.

५. वचन आणि प्रार्थना

स्काउट होताना पोरं जे वचन घेतात त्यात देवाचा उल्लेख येतो आणि न मानणाऱ्या घरातलं पोर तिथे अडकतं. अनेक संघटनांनी यावर वाट काढलीये, ब्रिटनच्या स्काउट्सनी 2013 मध्ये देव न मानणाऱ्यांसाठी पर्यायी वचन जाहीर केलं, भारत स्काउट्स अँड गाइड्सच्या वचनात ईश्वरऐवजी धर्म म्हणता येतं. तुमच्याकडे काय चालतं ते आधीच सांगून ठेवा, पोराला सगळ्यांसमोर विचारावं लागू नये. प्रार्थना एकाच धर्माची रोज होत असेल तर त्याऐवजी एक मिनिट शांत उभं राहा, तेवढं पुरतं.

६. शिबिर

आठवडाभर आधी घरी एक फॉर्म द्या: काय खात नाही, उपास आहेत का, औषधं, रात्री अंथरूण ओलं होतं का, झोपण्याबद्दल काही सांगायचंय का. हे एका-दोन लीडरकडेच राहील असं लिहून द्या आणि पाळा. मुली असतील तर पॅड कुठे ठेवलेत आणि वापरलेले कुठे टाकायचे हे त्यांनी विचारायची वाट न बघता सांगायचं, बाई लीडर सोबत हवीच. टॉयलेट आणि कपडे बदलायला एकट्याला कडी लावता येईल अशी एक जागा सगळ्यांसाठी ठेवा, ट्रान्स मुलं, जाड असण्यावरून लाजणारी मुलं, भाजल्याचे डाग असलेली मुलं, कुणालाच कारण सांगावं लागत नाही.

जेवण वेगळं असलं तरी पंगत वेगळी नको.

अपंग मुलाबाबत आधी त्याला आणि मग पालकांना विचारा, गुगलला नंतर. एखादं कौशल्य शिकल्यावर मिळणाऱ्या बॅजची अट बदलता येते का हे वरच्या संस्थेला विचारा, बहुतेक ठिकाणी येते. चालता न येणाऱ्याला नकाशा आणि होकायंत्र देऊन वाट ठरवायला लावा, आणि ट्रेक असा निवडा की तोही येईल, त्याला कॅम्पवर सामान राखायला बसवणं हा उपाय नाही.

७. कुणी कुणाला बोललं तर

तिथल्या तिथे थांबवा, शांतपणे, "हे आपल्याकडे चालत नाही" एवढंच. लांबलचक लेक्चर दिलंत तर ज्याला बोललं गेलं त्याच्याकडेच सगळे वळून बघतात. मग आधी त्याच्याशी बोला, दुसऱ्या मोठ्याच्या नजरेत राहून, बंद खोलीत एकट्याने नाही. बोलणाऱ्याशी नंतर. दोघांना लगेच हात मिळवायला लावून फोटो काढू नका. तारीख आणि काय झालं ते वहीत लिहा, कारण तिसऱ्यांदा झाल्यावर कळतं की हे मस्करीत चाललेलं नव्हतं.

आणि पालक येतील. "त्याच्याबरोबर माझ्या मुलाला तंबूत ठेवू नका" असं कुणीतरी हळू आवाजात म्हणेल. कारण विचारा. मारामारी, चोरी, त्रास असं काही असेल तर चौकशी करा, पण कारण फक्त तो कोण आहे हेच असेल तर यादी बदलायची नाही. तुमचं मूल आलं तर आवडेल, नाही आलं तर शिबिराचे पैसे परत देऊ, असं सरळ सांगा, आणि एका लीडरला हे एकट्याने बोलायला पाठवू नका, दोघं जा.