माहितीपर अहवाल शिकवताना या चुका टाळा

‘पंचगंगेचा पूर’ असा विषय देऊन दुसऱ्या दिवशी वह्या मागवल्या, की हातात निबंधच पडतात. ‘पंचगंगा आमची जीवनदायिनी आहे’ इथून सुरुवात आणि निसर्गाच्या रक्षणावर शेवट. यात मुलांचा दोष नाही. अहवाल लिहा म्हणून आपण सांगतो, पण तो आखायचा कसा हे शिकवत नाही.

आधी विषय लहान करा. पाचवीच्या मुलाला अख्खा ‘पूर’ झेपत नाही. ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती चढलं की धोका?’ असं विचारलं, तर काय शोधायचं ते त्याला लगेच कळतं: इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रश्न न काढता माहिती गोळा करायला पाठवणं. मग मोबाईलवरचे परिच्छेद जसेच्या तसे वहीत येतात. गुऱ्हाळावर जाणार असाल तर प्रश्न वर्गातच काढून घ्या. रस कशात उकळतात? जाळ कशाचा? मळी कशी काढतात? गूळ झाला हे गुळव्या कसं ओळखतो? तिथे एका चिठ्ठीवर एकच नोंद, तीही तुटक: ‘काहील – रस उकळतो’, ‘चुलवाण – वाळलेली चिपाडं’, ‘भेंडीचं पाणी – मळी वर येते’.

परतल्यावर चिठ्ठ्या फरशीवर पसरा आणि जुळणाऱ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मुलांनाच करू द्या. एक गठ्ठा म्हणजे एक परिच्छेद. उपशीर्षकही त्यांनीच द्यायचं. एखाद्या गठ्ठ्यात एकच चिठ्ठी असेल तर गुळव्याला पुन्हा गाठायचं. ‘गरम काकवी मस्त लागली’ ही चिठ्ठी कुठेच बसत नाही, आणि मुलांना तर तीच सोडवत नाही. ती फेकायला लावू नका, रोजनिशीत चिकटवू द्या.

विशेषणांवर समाधान मानू नका. ‘कोल्हापुरी चप्पल जगप्रसिद्ध आहे’ असं लिहिलं, तर ‘कशावरून?’ विचारा. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात महाराष्ट्र-कर्नाटकातले प्रत्येकी चार जिल्हे येतात, हे सापडलं की ‘जगप्रसिद्ध’ मुलं स्वतःच खोडतात.

तपासताना आधी ऱ्हस्व-दीर्घावर लाल पेन चालवू नका. पहिल्या वाचनात फक्त दोन गोष्टी बघा: मुलानं काढलेल्या प्रश्नांची उत्तरं आलीत का, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला ते लिहिलंय का. शुद्धलेखन दुसऱ्या वाचनात.