तळपायापासून सुरुवात: मेलॅनोमासाठी त्वचा घरी कशी तपासावी

मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. त्याबद्दल वाचायला मिळते ते बहुतेक गोऱ्या कातडीच्या माणसांसाठी लिहिलेले असते: उन्हात जपा, पाठीवरचे तीळ बघा. गव्हाळ-सावळ्या त्वचेत हा आजार मुळातच कमी. पण होतो तेव्हा बऱ्याचदा ऊन पोहोचतच नाही अशा जागी होतो: तळपाय, तळहात, नखाखाली, क्वचित तोंडाच्या आत. तिथे कोणी बघत नाही, म्हणून तो उशिरा सापडतो. त्यामुळे आपल्याकडची तपासणी पायापासून सुरू करायची आणि डोक्याकडे जायचे.

तयारी

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, दिवसाउजेडी खिडकीशी बसा. एक मोठा आरसा, एक हातातला आरसा, कंपासपेटीतली मिलिमीटरची पट्टी आणि मोबाइल एवढे पुरते. नेलपॉलिश काढून टाका. मेंदी किंवा आळता रंगलेला असेल तर तो उतरेपर्यंत थांबा, कारण त्याखाली तळव्याचा डाग दिसतच नाही. भेगाळलेल्या टाचा वजरीने घासून धुवा, नाहीतर भेगेत बसलेला मळ आणि डाग यांत गल्लत होते.

तळपाय आणि बोटांच्या बेचक्या

टाच, चवडा, पायाची कडा आणि बोटांमधली प्रत्येक बेचकी बोटाने फाकवून बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरा. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांचे पाय घरातल्या दुसऱ्याने बघावेत. हा आजार उतारवयात जास्त दिसतो आणि नेमका त्याच वयात स्वतःचा तळपाय दिसेनासा होतो.

तळव्यावर फिकट तपकिरी ठिपके अनेकांना असतात. ते वर्षानुवर्षे तसेच राहतात. लक्ष द्यायचे ते नव्या डागाकडे, पसरणाऱ्या डागाकडे, एकाच डागातल्या दोन-तीन रंगछटांकडे आणि शाई फुटल्यासारख्या वेड्यावाकड्या कडेकडे. दुसरा प्रकार फसवा असतो, कारण त्याला काळा रंग नसतोच. लालसर मांसल गाठ किंवा ओलसर जखम होते, रक्त येते आणि ती भरत नाही. दोन महिने भरली नाही अशी पायाची जखम त्वचारोगतज्ज्ञाला दाखवलीच पाहिजे. मधुमेह असला तरी, किंबहुना असला तर जास्तच, कारण तेव्हा सगळे खापर साखरेवर फोडले जाते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे त्याला कुरूप समजणे. कुरूप दाबले की दुखते, त्याचा रंग कातडीसारखा किंवा पिवळट असतो आणि चपला बदलल्या की ते कमी होते. काळा डाग किंवा रक्ताळणारी गाठ ब्लेडने तासू नका, तिच्यावर कॉर्नकॅप लावू नका आणि बिब्बा तर अजिबात घालू नका. बिब्ब्याने कातडी भाजते आणि काळी पडते. मग मूळ डाग कुठला आणि भाजल्याचा कुठला हे डॉक्टरांनाही कळत नाही. तिळावर चुना-सोडा लावणे, त्याला दोरा किंवा घोड्याचा केस बांधणे यातही तोच घोटाळा. वरचा भाग गळून पडतो, खालचा वाढत राहतो आणि तपासायला तुकडा उरत नाही.

नखे

दोन्ही हातापायांची वीसही नखे बघा. सावळ्या त्वचेत अनेक नखांवर उभ्या तपकिरी रेघा असणे नेहमीचे आहे. काळजी एकट्या नखाची: मोठेपणी एकाच नखावर नव्याने आलेली रेघ, विशेषतः अंगठ्यावर, तीन मिलिमीटरहून रुंद झालेली, नखाच्या मुळाशी जास्त रुंद आणि टोकाकडे अरुंद. रंग नख ओलांडून मुळाशी असलेल्या कातडीवर सांडला असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

नखाखाली काळे दिसले की आपण म्हणतो, ठेच लागली असेल. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा होता. १९७७ मध्ये निदान होण्याआधी तो फुटबॉल खेळताना झालेली इजा समजला गेला होता. १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, त्यांचा त्याच आजाराने मृत्यू झाला.

ठेच की रेघ, हे घरी पडताळता येते. नखाच्या मुळापासून काळ्या भागापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून फोटो काढा. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, पायाच्या अंगठ्याचे त्याच्या निम्म्याने. साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि मागे स्वच्छ नख उगवते. दोन महिन्यांनी तसे स्वच्छ नख दिसले नाही तर ठेचेची गोष्ट सोडून द्या. पहिल्याच दिवशी रंग कातडीवर आलेला दिसला असेल तर हे दोन महिने थांबणेही नको.

उरलेले अंग

पोटऱ्या, मांड्यांची मागची बाजू, पाठ, कानामागे, टाळू (केसांचा भांग बदलत-बदलत) आणि तोंडात टाळा व हिरड्या. तिळासाठी पाच प्रश्न पुरतात: दोन अर्धे एकमेकांसारखे आहेत का, कडा नीट आहे का, रंग एकच आहे का, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का, बदलतो आहे का? यांतला शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. चार मिलिमीटरचा पण वाढणारा तीळ हा दहा मिलिमीटरच्या, लहानपणापासून तसाच असलेल्या तिळापेक्षा जास्त संशयास्पद. सगळ्या तिळांत एखादाच वेगळा दिसत असेल तर तोही दाखवा.

फोटो दरवेळी त्याच जागी, त्याच उजेडात, पट्टी शेजारी ठेवून काढा. एक लांबून, जागा कळेल असा, एक जवळून. फ्लॅश नको, कातडी चकाकून रंग फिके दिसतात. ब्यूटी फिल्टर चालू राहिलेला मोबाइल ही तक्रार हास्यास्पद वाटेल, पण तो फिल्टर नेमका डागच पुसतो.

डॉक्टरांकडे

त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने डाग मोठा करून बघतात. तळव्यावर बोटाच्या ठशासारख्या रेषा असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा रेषांमधल्या खाचांत बसतो, मेलॅनोमाचा उंचवट्यांवर. साध्या डोळ्यांना हा फरक कळत नाही.

संशय असेल तर शक्यतो पूर्ण डाग, भोवतीच्या दोन-एक मिलिमीटर कातडीसह काढून तपासायला पाठवतात. लेझरने किंवा विजेच्या सुईने जाळून टाकायला संमती देऊ नका. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे. ‘सुरी लावली की पसरतो’ ही भीती खोटी आहे. उशीर झाल्याने पसरतो. अहवालात ब्रेस्लो जाडीचा, म्हणजे मेलॅनोमा कातडीत किती खोल गेला त्याचा, आकडा मिलिमीटरमध्ये असतो, तो आवर्जून वाचा. पुढे किती कातडी काढायची हे मुख्यतः त्यावर ठरते: एक मिलिमीटरपर्यंत जाडीला साधारण एक सेंटिमीटर कडा, दोनहून जास्त असल्यास दोन सेंटिमीटर. आजार पसरलेला असेल तर गाठीची जनुकीय तपासणीही विचारा. गोऱ्या लोकांतल्या त्वचेच्या मेलॅनोमात जवळपास निम्म्या वेळा बीआरएएफ जनुकात बदल असतो आणि त्यावर लक्ष्य साधणारी औषधे आहेत. तळपायाच्या मेलॅनोमात तो कमी वेळा सापडतो. काहींत त्याऐवजी केआयटी जनुक बदललेले असते.

घरातला इतिहास लिहून काढा

गाठीतला जनुकीय बदल आणि रक्तातून, म्हणजे वारशाने, आलेला बदल या दोन वेगळ्या गोष्टी. पहिला आयुष्यात घडतो आणि मुलांकडे जात नाही. दुसरा आई किंवा वडिलांकडून येतो. तो तपासण्याआधी कागदावर तीन पिढ्या मांडा, दोन्ही बाजूंच्या: कोणाला, कोणत्या अवयवाचा कर्करोग, कितव्या वर्षी. ‘काकांना कॅन्सर होता’ एवढ्याने भागत नाही. जुना बायोप्सी अहवाल शोधा. एकाच घरात दोन-तीन मेलॅनोमा, किंवा मेलॅनोमासोबत स्वादुपिंडाचा कर्करोग असेल तर सीडीकेएन२ए जनुकाचा विचार होतो. हे जनुक १९९४ मध्ये मेलॅनोमाशी जोडले गेले. अशा वेळी आधी जनुकीय समुपदेशन, मग चाचणी. लाळेवरून जनुके तपासणारा, ऑनलाइन मागवलेला किट इथे फारसा कामाचा नाही. मुंबईत टाटा मेमोरियल सेंटरमध्ये यासाठी कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे.

मामेबहीण-आतेभाऊ अशी नात्यातली लग्ने झालेल्या घरांत झेरोडर्मा पिग्मेंटोसम या दुर्मीळ आनुवंशिक आजाराकडे लक्ष हवे. यात उन्हाने बिघडलेला डीएनए दुरुस्तच होत नाही. बाळ थोड्याशा उन्हानेही फार भाजते, किंवा दुसरे वर्ष पुरे व्हायच्या आत त्याच्या चेहऱ्यावर दाट ठिपके येतात. अशा मुलाला उन्हापासून कडक जपावे लागते आणि तेही लगेच.

आणि ऊन

सनस्क्रीन लावून तळपायाचा मेलॅनोमा टळत नाही. तिथल्या गाठींत उन्हाच्या खुणा फारच कमी सापडतात. मात्र ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या आणि जोडीदार किंवा मुले गोरी असलेल्या मराठी घरांनी ऊन गांभीर्याने घ्यावे. क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावात १९९२ पासून १६२१ प्रौढांवर चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या गटात पुढच्या काळात ११ मेलॅनोमा झाले, आपापल्या मर्जीने लावणाऱ्या गटात २२.

यूव्ही निर्देशांक (उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) ३ किंवा जास्त असेल तर टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन. मोठ्या माणसाच्या अंगभर सुमारे ३५ मिली लागते: चेहरा-मान-कानांना एक चमचा, प्रत्येक हाताला एक, प्रत्येक पायाला एक, छाती-पोटाला एक, पाठीला एक. बाहेर पडण्याआधी वीस मिनिटे लावायचे, दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा. नुसत्या चेहऱ्या-मानेला लावले तरी ५० मिलीची ट्यूब दहा वेळांत संपते. तुमची तीच ट्यूब सबंध उन्हाळा पुरत असेल तर थर फार पातळ बसतो आहे.