कार्ड संपलं, पीआर संपला नव्हता

कॅनडाचा पीआर (तिथे कायम राहण्याचा हक्क) असताना घरच्या अडचणीपायी परत आलात आणि आता पुन्हा तिकडे नोकरीला जायचंय, तर हे वाचा. एलएमआयए म्हणजे परदेशी माणूस नोकरीवर घ्यायला मालकाला मिळणारी सरकारी मंजुरी आणि तिच्या जोरावर आपण वर्क परमिट मागायचं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी जिथे आपटलो तेवढंच सांगतो.

ऑगस्ट २०१६ मध्ये बायको-मुलासह हॅमिल्टनला उतरलो. मे २०१८ मध्ये सोलापुरात वडिलांना, म्हणजे अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला. अक्कलकोट रोडवर टॉवेलचे लूम, देणी, कामगार, सगळं अण्णांच्या डोक्यात आणि अण्णांना बोलता येईना. आलो. दरवर्षीची गड्ड्याची जत्रा झाली की परत जाऊ, असं म्हणता म्हणता सहा गड्डे झाले. २०२१ ला पीआर कार्डाची मुदत संपली. पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहण्याची अट माझ्याकडून कधीच मोडली होती. मी मनातल्या मनात पीआरवर पाणी सोडलं.

मनातल्या मनात. घोळ इथेच झाला.

२०२४ मध्ये जुन्या मॅनेजरचा फोन आला, ऑगस्टमध्ये एलएमआयए हातात पडला. इथल्या एका एजंटने सांगितलं, "कार्ड संपलं ना? मग पीआर गेलाच की. बिनधास्त भरा वर्क परमिट." मला हेच ऐकायचं होतं, म्हणून पटलं. नोव्हेंबरमध्ये उत्तर आलं: आमच्या नोंदीत तुम्ही अजून पर्मनंट रेसिडेंट आहात, तुम्हाला वर्क परमिट देता येत नाही. १५५ डॉलर फी गेली, त्याचं दुःख नाही. एलएमआयए पूर्वी वर्षभर चालायचा, मे २०२४ पासून तो सहाच महिने चालतो, आणि माझे तीन महिने उडाले होते.

नीट समजून घ्या. कार्ड म्हणजे पासबुक. पासबुकाची पानं भरली म्हणून बँकेतलं खातं बंद होत नाही. ७३० दिवस भरले नाहीत तरी खातं आपोआप बंद होत नाही. कुणीतरी अधिकाऱ्याने तसा निर्णय द्यावा लागतो आणि तो कायम व्हावा लागतो. नाहीतर तुम्ही स्वतः लेखी सोडावा लागतो. त्याला आयएमएम ५७८२ नावाचा अर्ज आहे, फी नाही, जुनं कार्ड सोबत द्यायचं. हे दोन्ही झालं नसेल तर दहा वर्षं सोलापुरात बसलात तरी तुम्ही पीआरच. आणि पीआरला वर्क परमिट नाही, व्हिजिटर व्हिसासुद्धा नाही.

पण म्हणून लगेच सही करू नका! माझ्यासारखं आजारी आईबापाचं कारण असेल, कागद असतील, तर आधी पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट (कार्ड नसलेल्या पीआरला कॅनडात परतायचा कागद) मागून बघता येतं. त्यात मानवी कारणं विचारात घेतात. नाकारलं तर ६० दिवसांत अपील आहे. स्वतः सोडल्यावर त्यातलं काहीच उरत नाही, पुन्हा पीआर हवा तर नव्या माणसासारखं रांगेच्या शेवटी. मला हे कळलं तेव्हा एलएमआयएचं घड्याळ डोक्यावर होतं. मी सही केली. चूक केली का? अजून कधीकधी रात्री वाटतं.

एजंट दुसऱ्या अर्जाच्या वेळी म्हणाला, आधीच्या पीआरचा उल्लेखच नको. तिथे मात्र मी उठून आलो. खोटं सापडलं तर पाच वर्षं दार बंद. आणि 'एलएमआयए विकत मिळवून देतो' म्हणणाऱ्याच्या तर उंबऱ्यावरही जाऊ नका. एलएमआयएची १,००० डॉलर फी मालकाने भरायची असते, ती तुमच्याकडून घेणं बेकायदा आहे. सल्ला घ्यायचाच तर वीस वर्षांपूर्वी गेलेल्या मामाचा घेऊ नका. गेल्या वर्षी अर्ज केलेल्या पोराचा घ्या, भले तो तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असो.

आधी पीआर होता हे काळिमा नाही, एवढा धीर मात्र देतो. तो रीतसर सोडल्याचं पत्र जोडलं, का सोडला ते पानभर साधं लिहिलं, अण्णांचे हॉस्पिटलचे कागद लावले. एलएमआयएला नऊ दिवस उरले असताना अर्ज गेला. परमिट मिळालं. आता माझा एसआयएन (कॅनडात नोकरीसाठी लागणारा सरकारी नंबर) ९ ने सुरू होतो, त्यावर संपण्याची तारीख असते. पहिल्या पगाराच्या दिवशी ती तारीख बघून पोटात कसंसंच झालं.

आणखी एक. घाईत मी फक्त माझाच अर्ज भरला. पीआर प्रत्येकाचा वेगळा असतो. बायको आणि मुलगा अजून पीआरच आहेत, त्यामुळे त्यांचा व्हिसा अडलाय. तिचं कार्ड गेल्या आठवड्यात आईच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीत सापडलं. फोनवर म्हणाली, "सही करू, का आधी ट्रॅव्हल डॉक्युमेंट मागून बघू?" या वेळी मी म्हटलं, थांब, वकिलाला विचारतो.