मेटल कॉम्प्लेक्सवर कॅन्सरचं काम करायचंय? सुरुवात अशी करा

सोलापुरात एमएस्सी-पीएचडीला इनऑरगॅनिक घेतलेली पोरं हमखास विचारतात, की आपल्याकडं असं काम होईल का. होतं की. कॉम्प्लेक्स, म्हणजे धातूच्या आयनला दुसरे रेणू जोडून केलेलं कंपाउंड, बनवणं आणि तपासणं इथल्या लॅबमध्ये जमतं, पेशींवरची टेस्ट बाहेर पाठवून करून घ्यायची.

आधी सिसप्लॅटिन, म्हणजे कॅन्सरवरचं प्लॅटिनमचं औषध, नीट समजून घ्या. १९६५ च्या सुमारास अमेरिकन शास्त्रज्ञ रोझेनबर्ग बॅक्टेरियावर इलेक्ट्रिक फील्डचा परिणाम बघत होते, तर प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडपासून तयार झालेल्या कंपाउंडमुळं बॅक्टेरियाचं विभाजन थांबलं आणि ते नुसते लांबत गेले, तिथनं धागा लागला आणि १९७८ ला अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. रक्तात क्लोराइड भरपूर असतं म्हणून ते टिकतं, पेशीत क्लोराइड कमी, मग त्याचं क्लोराइड सुटून पाणी जोडलं जातं आणि ते डीएनएमधल्या ग्वानिनला धरून बसतं. पण किडनी आणि कानावर त्याचा त्रास होतो, म्हणून लोक रुथेनियम, सोनं, तांबं यांच्याकडं वळले. तुमचं कॉम्प्लेक्स यातल्या कुठल्या अडचणीवर आहे ते वहीत एका ओळीत लिहा, मगच काचसामान धुवायला घ्या.

पहिल्यांदा तांबं किंवा झिंक बरं, स्वस्त पडतं. सॅलिसिलाल्डिहाइड आणि थायोसेमीकार्बाझाइड इथेनॉलमध्ये, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब, रिफ्लक्स (वाफ परत थंड करत उकळत ठेवणं), आणि रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते टीएलसीवर बघत राहायचं. यातनं मिळालेला लिगँड (मेटलला जोडला जाणारा रेणू) शुद्ध झाल्यावरच मेटल सॉल्ट घाला. परक्लोरेट सॉल्ट टाळा, स्फोट होऊ शकतो, क्लोराइड किंवा ॲसिटेट वापरा. धुवायला थंड इथेनॉल पुरतं, ईथर ३५ डिग्रीलाच उकळतं आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळं ती बाटली फ्यूम हूडबाहेर उघडूच नका.

तपासणीत आयआर, यूव्ही, मास, एलिमेंटल ॲनालिसिस, कंडक्टन्स हे सगळं आलंच. तांब्याचं टू-प्लस कॉम्प्लेक्स पॅरामॅग्नेटिक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेलं) असल्यानं एनएमआर नीट येत नाही, झिंकचं छान येतं, म्हणून दोन्ही सोबत बनवली तर स्ट्रक्चर पटवून द्यायला सोपं जातं. सिंगल क्रिस्टल मिळालं तर उत्तमच.

आता ज्याच्याकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते, स्टॅबिलिटी. कॉम्प्लेक्स डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून बफरमध्ये टाका आणि ४८ तास यूव्ही स्पेक्ट्रम घेत राहा. स्पेक्ट्रम बदलला तर पेशींवर तुमचं कॉम्प्लेक्स जातच नाहीये, त्याचे तुकडे जातायत, मग आयसी५० (निम्म्या पेशींची वाढ रोखणारं प्रमाण) कितीही भारी येऊ दे, तो नेमका कशाचा म्हणून सांगणार? सिसप्लॅटिनलाही डीएमएसओ चालत नाही, डीएमएसओ क्लोराइडची जागा घेतं आणि त्याचा जोर जातो. तुलनेसाठी ते सलाइनमध्ये बनवा, नाहीतर आपलं कॉम्प्लेक्स सिसप्लॅटिनपेक्षा सरस आहे असा खोटाच निकाल हातात येतो, आणि छापलेल्या पेपरांतसुद्धा हे होत आलंय.

पेशींच्या टेस्टसाठी खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र माहीत असू द्या, तिथं एसआरबी पद्धतीनं (रंग लावून उरलेल्या पेशी मोजणं) सॅम्पल तपासले गेलेत. स्वतःच्या सोयीत सेल कल्चर असेल तर सेल लाइन पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतनं मागवता येतात. सॅम्पल कोरडी पावडर करून घट्ट बंद वायलमध्ये पाठवा, सोल्यूशन नको.

टेस्ट कुणीही करो, नुसता लिगँड, नुसतं मेटल सॉल्ट, नुसतं डीएमएसओ आणि सिसप्लॅटिन हे चारही कंट्रोल मागाच. टेस्ट एमटीटी (जिवंत पेशी रंग जांभळा करतात त्यावरून मोजणं) असेल तर पेशी नसलेल्या वेलमध्येही कॉम्प्लेक्स टाकून बघा, काही कंपाउंड स्वतःच एमटीटीला रिड्यूस करून जांभळा रंग देतात. आणि एक तरी नॉर्मल सेल लाइन हवीच. निरोगी आणि कॅन्सरच्या पेशी सारख्याच मरत असतील तर ते विष आहे, थिसिसमध्ये तसंच लिहा. त्याच्याही पुढं प्राण्यांवरच्या चाचण्या, मग माणसांवरच्या, त्यात कित्येक वर्षं जातात, म्हणून ‘कॅन्सरवर औषध शोधलं’ असं कुणालाही सांगू नका, पेशंटच्या घरच्यांना तर अजिबात नाही.

आयसी५० चा आकडा कमजोर आला तर पुढच्या बॅचला लिगँडवरचा एकच ग्रुप बदला, मेटल तेच ठेवा, आणि आधी परत ४८ तासांची स्टॅबिलिटी लावा.