गोड्या पाण्याची इकॉलॉजी शिकायचीय? आधी दगड उलटा करून बघा

या फील्डमध्ये नवीन येणारे बरेच जण मला पहिल्यांदा विचारतात, पाणी तपासायला कुठला मीटर घेऊ, कुठलं सॉफ्टवेअर शिकू. ते सगळं लागतंच, पण माझं स्पष्ट मत आहे की आधी नदीच्या वाहत्या पाण्यातला एखादा दगड उचला, उलटा करा आणि त्याला काय चिकटलंय ते नीट बघा.

मीटरचं रीडिंग त्या क्षणापुरतं असतं. शेवाळानं हिरव्यागार झालेल्या तलावावर दुपारी गेलात तर ऑक्सिजन भरपूर दिसेल, कारण ऊन असतं आणि शेवाळ तो तयार करत असतं, पण रात्रभर तेच शेवाळ आणि बॅक्टेरिया तो वापरत बसतात आणि पहाटेपर्यंत पातळी इतकी खाली येऊ शकते की मासे मरून वर येतात. दुपारचा आकडा बघून तुम्ही लिहिणार, तलाव ठीक आहे! तळाशी राहणारे किडे मात्र महिनोन्महिने त्याच पाण्यात काढतात, त्यामुळे मध्ये कधी घाण सोडली गेली असेल तर ते त्यांच्यावरून कळतं.

म्हणून पांढऱ्या ट्रेमध्ये थोडं पाणी घ्या, दगडावरचं सगळं मऊ ब्रशने त्यात उतरवा आणि थोडा वेळ हलू नका. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले फडफडवणारं, बहुतेक वेळा तीन शेपट्यांचं पिल्लू दिसलं तर ती मेफ्लाय, दोनच शेपट्या आणि पायाला दोन नख्या असतील तर स्टोनफ्लाय, आणि वाळूचे कण रेशमाने जोडून घर करून बसलेली अळी म्हणजे कॅडिसफ्लाय. हे तिघं मिळाले की पाणी बहुधा चांगलं. नुसत्या लाल कायरोनोमिड (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या) अळ्याच असतील तर ऑक्सिजनची बोंब असण्याची शक्यता मोठी, त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, कमी ऑक्सिजनमध्ये तगायला तोच कामी येतो.

आता माणसाचा परिणाम. लोकांना वाटतं प्रदूषण म्हणजे फक्त विषारी केमिकल, पण खत आणि सांडपाण्यातून येणारा फॉस्फरसही अख्खा तलाव बिघडवतो. कॅनडात १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रयोगासाठी राखलेल्या तलावांपैकी २२६ नंबरच्या तलावात मधोमध पडदा टाकून एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन सोडला, दुसऱ्या बाजूला तेच आणि शिवाय फॉस्फरस, आणि फॉस्फरसची बाजू शेवाळाने हिरवी झाली. वरून काढलेला तो फोटो नक्की शोधून बघा, मला अजूनही कुठल्याही ग्राफपेक्षा तो जास्त पटतो. धरणं, वाळू उपसा, काठची झाडं तोडणं हे मीटरवर लगेच दिसत नाही पण राहायची जागाच जाते. गोडं पाणी जगाच्या पृष्ठभागाच्या १ टक्क्याहूनही कमी जागेत आहे, पण तेवढ्यातच माशांच्या जवळपास निम्म्या जाती राहतात, म्हणून जागा जाणं हे फार मोठं नुकसान आहे.

स्टॅटिस्टिक्स टाळू नका, आर (R, आकडेमोडीसाठीची कम्प्युटर भाषा) शिका, पण स्वतः गोळा केलेल्या डेटावर शिकलात तर पटकन डोक्यात बसतं. पाण्यात एकट्याने उतरू नका, वरच्या भागात पाऊस झाला असेल तर अजिबातच नको. आणि एमएस्सी किंवा पीएचडीसाठी लॅब निवडताना गाइडला सरळ विचारा, किडे ओळखायला कोण शिकवणार, जपून ठेवलेली जुनी सॅम्पल्स आहेत का आणि एकाच ठिकाणचा किती वर्षांचा डेटा आहे.