बेस गिटारचा ब्रिज ठोकण्याआधी दोरा ताणा

बॉडी एकीकडची, नेक दुसरीकडची, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकतात तो भाग) तिसराच. अशा जमवाजमवीच्या बेसमध्ये ब्रिजची भोकं दोन मिलिमीटर जरी चुकली, तरी कडेची तार फ्रेटबोर्डवरून घसरायला बघते. नुसत्या मोजपट्टीवर विसंबू नका.

१. नेक स्क्रूंनी पक्की बसवा. नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) १२ व्या फ्रेटपर्यंतचं (नेकवरची बारावी आडवी धातूची पट्टी) अंतर मोजून दुप्पट करा. हीच तारेची लांबी, म्हणजे स्केल. नेहमीच्या लाँग स्केल बेसला ते १७ दुणे ३४ इंच भरतं. तुमची नेक ३० इंची शॉर्ट स्केलही निघू शकते, म्हणून मोजाच.

२. ‘जी’ या सर्वात बारीक तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकणारा सरकता तुकडा) जवळजवळ पूर्ण नेकच्या बाजूला आणा. ते नटपासून नेमकं त्या अंतरावर येईल असा ब्रिज दुतर्फी टेपने चिकटवा. जाड तारांची सॅडल्स, विशेषतः सर्वात जाड ‘ई’ तारेचं, सूर जुळवताना मागे न्यावी लागतात. तेवढी जागा अशी राखली जाते.

३. ई आणि जी या दोन्ही तारांच्या जागी शिवणाचा दोरा ताणा, ट्यूनरपासून (तार पिळायची खुंटी) नटच्या खाचेतून थेट सॅडलपर्यंत. आता शेवटच्या फ्रेटवर वाकून बघा. दोऱ्यापासून फ्रेटबोर्डच्या काठापर्यंत दोन्हीकडे सारखी पट्टी दिसली पाहिजे. नाही दिसली? ब्रिज केसभर सरकवा, पुन्हा बघा. इथे घाई करू नका, माझा अर्धा तास यातच जातो.

४. मगच खुणा करून भोकं पाडा.

एक सांभाळा: ब्रिज कायमचा कसण्याआधी ग्राउंडची वायर (आतल्या सर्किटला ब्रिजशी जोडणारी) त्याच्याखाली आली आहे ना, ते बघा. नाहीतर गुणगुण ऐकून सगळं परत उघडावं लागतं.