उपवास, झटपट डाएट आणि पित्ताशयातले खडे

पित्ताशय आकसून रिकामं होतं ते मुख्यतः जेवणातल्या तेल-तुपामुळे. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्या-चहावर काढले, की पित्त आत साचून दाट होतं आणि कोलेस्टेरॉलचे खडे धरू लागतात. रोज नाश्ता बुडवून थेट दुपारी जेवणंही बरं नाही.

वजन आठवड्याला अर्धा ते एक किलोच उतरवा. दीड किलोहून जास्त उतरलं, की यकृत पित्तात जादा कोलेस्टेरॉल सोडतं. डाएटमध्येही आपली ज्वारीची भाकरी, डाळ आणि दोन मोठे चमचे शेंगाचटणी सोडू नका. चटणीतून साधारण 8–10 ग्रॅम स्निग्धांश मिळतो, पित्ताशय हलायला तो लागतोच.

खडे आधीच असतील तर मात्र तळलेलं टाळा. उजव्या बरगडीखाली कळ आणि सोबत ताप किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.